‘एबल’ची पळवाट

पिशवीवर, पुडीवर, कपावर ‘रीसायकलेबल’, ‘कंपोस्टेबल’, ‘बायोडिग्रेडेबल’ असं छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा ‘एबल’ प्रत्यय एवढंच सांगतो, की अमुक एक गोष्ट करता येते. कुणी करायची, कुठे, किती दिवसांत, कुणाच्या खर्चानं, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. विकणाऱ्याला हेच तर हवं असतं. झालं नाही तर दोष नगरपालिकेचा, नाही तर तुमचा-माझा. त्याची पुडी मात्र शुद्ध.

छापील लेबल एक वेळ सोडा, आपल्या कायद्यातसुद्धा हा प्रत्यय घुसला आहे. २०१६च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत केंद्र सरकारनं स्पष्ट लिहिलं होतं, की ‘नॉन-रीसायकलेबल’ बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं. बहुस्तरीय म्हणजे वेफर्सच्या, शाम्पूच्या त्या चकचकीत पुड्या. त्यांतले थर असे चिकटवलेले असतात, की ते सुटे करणं कुणालाच परवडत नाही. भंगारवाला भाव देत नाही, म्हणून कचरावेचक बाई त्या उचलत नाहीत. दिवसभर वाकून गोळा केलेल्या मालाचे पैसे व्हायला हवेत ना!

दोन वर्षांची मुदत संपली आणि मार्च २०१८मध्ये नियमच बदलला. ‘नॉन-रीसायकलेबल’च्या जोडीला ‘नॉन-एनर्जी रिकव्हरेबल’ आला, दुसरा काही उपयोग नसण्याची अटही आली. सिमेंटच्या भट्टीत जाळून उष्णता मिळते ना, मग झालं ‘रिकव्हरेबल’! पुड्या बाजारातच राहिल्या. आपली पुडी खरोखर भट्टीपर्यंत पोचते की नाल्यात अडकते, हे दाखवण्याची जबाबदारी त्या वाक्यानं कुणावरच टाकली नाही. ही उघड फसवणूक आहे आणि मी तिला दुसरं नाव देणार नाही.

‘कंपोस्टेबल’ची गतही तीच. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पीएलए या प्लास्टिकच्या कपाला कुजायला साधारण ५८ ते ६० अंश तापमान टिकवून धरणारा कारखाना लागतो. घरच्या कुंडीत तो कप महिनोन्‌महिने जसाच्या तसा पडून राहतो. आणि ‘रीसायकलेबल’चं म्हणाल, तर २०१५पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला, त्यातला जेमतेम ९ टक्के पुनर्चक्रित झाला, असा गायर, जॅम्बेक आणि लॉ या संशोधकांचा २०१७चा अंदाज आहे. उरलेल्यातलं कितीतरी ‘रीसायकलेबल’ म्हणूनच विकलं गेलं असणार.

हे रोखता येत नाही, असं मला कुणी सांगू नये. कॉफीच्या कॅप्सूल ‘रीसायकलेबल’ म्हणून विकणाऱ्या क्युरिग कंपनीला कॅनडात २०२२मध्ये ३० लाख डॉलरचा दंड भरावा लागला, कारण बहुतेक प्रांतांत त्या कॅप्सूल फारशा कुठे स्वीकारल्याच जात नव्हत्या. कॅलिफोर्नियानं २०२१मध्ये कायदा केला, की पुनर्चक्रणाचा बाणांचा त्रिकोण छापायचा तर किमान ६० टक्के लोकसंख्येच्या भागांत तो माल प्रत्यक्ष गोळा झाला पाहिजे.

आपल्याकडेही तेच हवं. शब्द छापणाऱ्यानं आपला माल जिथे विकला जातो त्या प्रत्येक जिल्ह्यात तो कुठे गोळा होतो, त्याला किलोमागे काय भाव मिळतो आणि गेल्या वर्षी किती माल परत आला, हे पुडीवरच छापावं. छापता येत नसेल, तर तो शब्द पुसावा.