खारवट जमिनीतील जिवाणू : आधार, पण पर्याय नव्हे

भारतात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित असून त्यांपैकी सुमारे सहा लाख हेक्टर महाराष्ट्रात आहे. कृष्णाकाठची क्षारपड शिवारे, पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्टा आणि कोकणातील खारभूमी ही तिची तीन निराळी रूपे. अशा जमिनींसाठी क्षारसहिष्णू जिवाणूंची द्रावणे आता स्वस्त उपाय म्हणून पुढे येत आहेत. त्यांमागील विज्ञान खरे आहे. अपेक्षा मात्र तपासून घ्यायला हव्यात.

क्षारांच्या ताणाखाली रोपात इथिलीनचे प्रमाण वाढते आणि मुळांची वाढ खुंटते. काही जिवाणू हे इथिलीन ज्यापासून बनते तो पदार्थच मोडून टाकतात. काही मुळांभोवती चिकट थर निर्माण करून सोडियम धरून ठेवतात, तर काही मातीत अडकलेला स्फुरद पिकाला मिळवून देतात. १९६९ साली स्थापन झालेल्या, कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने ‘हॅलो-अझो’ आणि ‘हॅलो-पीएसबी’ ही द्रावणे याच विचारातून विकसित केली.

सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी वाळवंटी वनस्पतीच्या मुळांतून मिळवलेल्या जिवाणूमुळे खाऱ्या पाण्यावरील लसूणघासाचे उत्पादन वाढले. मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार तो जिवाणू इथिलीन रोखत नाही, उलट त्याच्याच संदेशमार्गाचा उपयोग करतो. सर्व पिकांना आणि सर्व जमिनींना लागू पडेल असा एकच जिवाणू नाही, हा यातला धडा.

तृणधान्यांची सहनशक्तीही सारखी नसते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता दर मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या पुढे गेली की भाताचे उत्पादन घटू लागते. गव्हासाठी ही मर्यादा ६, तर सातूसाठी ८ मानली जाते. जिवाणू ही घट कमी करू शकतात, जमिनीतील क्षार बाहेर काढू शकत नाहीत. सांगली-कोल्हापूरच्या काळ्या जमिनी उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्याने आणि अपुऱ्या निचऱ्याने बिघडल्या. तिथे भूमिगत निचरा आणि चोपण जमिनीत जिप्सम यांना पर्याय नाही.

जैविक खते २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आणि त्यांतील जिवंत पेशींची किमान संख्या ठरवली गेली. परंतु बाटलीतील संख्या शेतातील यशाची हमी देत नाही. खाऱ्या मातीत, स्थानिक जिवाणूंच्या स्पर्धेत ते किती टिकतील, हे त्या आकड्यातून कळत नाही. कोणत्या पिकावर आणि किती क्षारतेपर्यंत चाचणी झाली, हे वेष्टनावर छापले गेले तरच ग्राहकाला निर्णय घेता येईल. कारण वाया गेलेल्या हंगामाची किंमत विक्रेता नव्हे, शेतकरी मोजतो.

गावाकडची शेती परदेशातून सांभाळणाऱ्यांसाठी क्रम स्पष्ट आहे : आधी माती-पाण्याचे परीक्षण, मग निचरा, त्यानंतर जिवाणू. तेही प्रथम एका पट्ट्यावर, शेजारचा पट्टा तुलनेसाठी तसाच ठेवून.