गुन्हेगार कोण ठरवतो?



कपाशीवर लाल्या दिसला की आपण आधी बियाण्याला शिव्या घालतो. शेतकी कॉलेजात मला वेगळे शिकवले: आधी जमीन पाहा, नत्र आणि मॅग्नेशियम पाहा, तुडतुडे पाहा. माणसाच्या गुन्ह्याबाबत मात्र आपण अजून बियाण्यालाच, म्हणजे जातीलाच, दोष देतो.

इंग्रजांनी 1871 साली याच समजुतीचा कायदा केला. जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांच्या वहीत नावे, ठराविक हजेरी, पासाशिवाय गाव सोडायला बंदी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत उभी केली. 1952 साली कायदा रद्द झाला. पण पारध्यावरचा संशय रद्द झाला का?

अमेरिकेत रॉबर्ट मर्टन यांनी 1938 साली सांगितले, समाज पैशाचे स्वप्न सगळ्यांना दाखवतो, पण तिथे नेणारी सरळ वाट थोड्यांनाच देतो. अडलेल्यांपैकी काही आडवाट धरतात. हॉवर्ड बेकर 1963 साली पुढे गेले. कोणते कृत्य गुन्हा, हे नियम करणारेच ठरवतात. एकदा शिक्का बसला की त्या माणसाला कोणी काम देत नाही, आणि मग तो शिक्काच खरा होऊ लागतो.

हे समजायला आपल्याला पुस्तक कशाला हवे? 1972 साली एकाधिकार खरेदी आली. घरचा कापूस चार पैसे जास्त मिळतात म्हणून शेजारच्या राज्यात नेला, की शेतकरी तस्कर! कापूस तोच, घाम तोच. चोर केले ते कायद्याने. आता तो एकाधिकार राहिला नाही, पण नाक्यावरचा अपमान आपण विसरलो नाही.

मग गावात मोटार चोरीला गेली की पुराव्याआधी आपली पावले पारध्याच्या पालाकडे का वळतात?

चोरी सोसा असे मी म्हणत नाही. गरिबीतही बहुतेक माणसे इमानाने राहतात, आणि ज्याने चोरी केली त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण ती पुराव्याने, कोर्टात, त्या एकट्याला. अख्ख्या पालाला नव्हे.

या बैठकीतून परत जाताना एवढे ठरवून जा: आपल्या गावात संशयावरून कोणावर हात उचलला जाणार नाही. पालावरची पोरे शाळेत बसतील, आणि वेचणीला मजूर बोलावताना पालही वगळला जाणार नाही. जो न्याय आपण नाक्यावर मागितला, तोच आपल्या शिवारात द्यावा लागेल.