गर्भवतीचे दोन तास कोणी खाल्ले?

गरोदर बाईला मधुमेह आहे की नाही, हे कळायला लागते तरी काय? 75 ग्रॅम ग्लुकोज, एक तांब्या पाणी, एक सुई आणि दोन तास. पहिल्या तीन गोष्टी आज तालुक्याच्या गावातही मिळतात. दोन तास मात्र तिला कोणी द्यायला तयार नाही. सरकारी दवाखाना देत नाही, कारण बाहेर रांग आहे. खासगी डॉक्टर देत नाहीत, कारण बसायला जागा नाही आणि संध्याकाळी लॅब बंद होते. घर देत नाही, कारण स्वयंपाक कोण करणार, मोठ्या पोराला शाळेतून कोण आणणार? या ओढाताणीत तपासणी राहून जाते आणि त्याची किंमत ती बाई आणि तिचे बाळ मोजतात. वर दोष तिलाच: ‘गोड फार खाल्लं असेल!’

आधी नियम काय सांगतो ते पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने गरोदरपणातील मधुमेहाबद्दल 2014 साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2018 साली त्या सुधारल्या. त्यानुसार प्रत्येक गरोदर स्त्रीची ही तपासणी व्हायला हवी. ‘जाड असेल तर’, ‘वय जास्त असेल तर’, ‘घरात कुणाला शुगर असेल तर’ अशी कोणतीही अट त्यात नाही. पहिली तपासणी दवाखान्यातल्या पहिल्याच भेटीत. ती ठीक आली, तर दुसरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान. उपाशी येण्याची गरज नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज सुमारे 300 मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. साखर 140 किंवा त्याहून जास्त आली, तर उपचार सुरू. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचे, इतके बारीकसारीकही तिथे लिहिलेले आहे.

आता आपल्या घरातल्या सुनेची, लेकीची फाईल उघडून पाहा. तिच्यात बहुधा ‘रँडम शुगर’ असा एक आकडा सापडेल आणि त्याच्यापुढे ‘नॉर्मल’ लिहिलेले असेल. तो आकडा कितीही चांगला असो, ही ती तपासणी नाही. बाईने सकाळी चहा घेतला होता की बिर्याणी खाऊन तीन तास झाले होते, हे कुणी विचारलेले नसते. शरीरावर ठरावीक साखरेचा भार टाकल्यावर ते ती कशी पेलते, हे रँडम आकड्यावरून कळत नाही. लघवीतली साखर पाहूनही भागत नाही, कारण गरोदरपणात रक्तातली साखर ठीक असतानाही ती लघवीत उतरू शकते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही इथे भरवशाची नाही. गरोदरपणात तांबड्या पेशींचे आयुष्य बदलते, त्यात आपल्याकडे निम्म्याअधिक गर्भवतींना रक्तक्षय असतो. तेव्हा या तिन्हींपैकी काहीही करून ‘शुगर पाहिली’ म्हणणे ही बाईची फसवणूक आहे.

‘गरोदरपणात थोडी शुगर वाढतेच’ असे म्हणून हा विषय झटकणारे बरेच आहेत, त्यांत डॉक्टरही आहेत. खरे काय होते? वारेतून पाझरणारी संप्रेरके आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. बहुतेक बायकांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून ही कसर भरून काढते. जिला ते जमत नाही, तिची साखर वाढते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवू लागते आणि बाळ प्रमाणाबाहेर वाढते. प्रसूतीच्या वेळी खांदा अडकतो, सिझेरियनची वेळ येते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर तुटते, पण बाळाचे इन्सुलिन तेवढेच राहते. म्हणून जन्मानंतर काही तासांतच त्याची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. अशा बाळाला पहिल्या तासातच अंगावर पाजायचे असते आणि त्याची साखर तपासायची असते. पण आईला मधुमेह होता हेच ठाऊक नसेल, तर बाळाकडे कोण पाहणार?

थोड्या वाढलेल्या साखरेवर उपचार करून फरक पडतो का, याचे उत्तर 2005 सालीच मिळाले आहे. ऑस्ट्रेलियात हजार गर्भवतींवर झालेला अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यांचा मधुमेह सौम्य म्हणावा असाच होता. अर्ध्या जणींना आहाराचा सल्ला, साखरेवर लक्ष आणि गरज पडल्यास इन्सुलिन मिळाले. बाकीच्यांना नेहमीची देखभाल मिळाली. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणे, हाड मोडणे किंवा नस दुखावणे हे गंभीर प्रकार नेहमीच्या देखभालीत 4 टक्के होते, उपचार मिळालेल्यांत 1 टक्का. ‘थोडी शुगर’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. न जेवता-जेवता कधीही करायच्या या तपासणीतून काही रुग्ण निसटतात, असे अनेक तज्ज्ञ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली स्वीकारलेली पद्धत उपाशीपोटीची आहे. तिच्यात उपाशी 92, एका तासाने 180, दोन तासांनी 153 यांपैकी एकही मर्यादा गाठली गेली तर मधुमेह धरतात. दुसऱ्या बाजूला चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्यासोबतच्या डॉक्टरांनी मांडले की दूरच्या खेड्यातून येणारी बाई उपाशी येईलच असे नाही आणि परत पाठवलेली बाई पुन्हा येईलच असेही नाही. त्यांच्याच आग्रहातून भारतात सोपी पद्धत आली. हा वाद तज्ज्ञांनी जरूर घालावा. जिथे उपाशी तपासणी शक्य आहे तिथे ती करावी. पण जिची दोन्हींपैकी एकही तपासणी झालेली नाही, तिला या वादाचा काय उपयोग?

आता घराकडे वळू. ‘आमची पोरगी तर काडीसारखी आहे, तिला कसली शुगर?’ हा युक्तिवाद आपल्या मोहल्ल्यांत रोज ऐकू येतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधली 3.5 किलोंची. तरीही आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त होते. वरून बारीक दिसणारे आपले शरीर आतून बारीक असतेच असे नाही. तेव्हा वजनाकडे बघून निदान करणे सासूबाईंनीही सोडावे आणि डॉक्टरांनीही.

निदान झाल्यावर घरात दोन टोके दिसतात. एक तर बाईला उपाशी ठेवले जाते, नाही तर ‘दोघांचं खायला हवं’ म्हणून सतवाशाची मिठाई भरवली जाते. नियम साधा आहे. दोन आठवडे आहार सांभाळायचा: थोडे-थोडे, दिवसातून अनेकदा, भात-पाव कमी, डाळ, अंडी, भाजी जास्त आणि रोज अर्धा तास चालणे. त्यानंतर जेवून दोन तासांनी साखर 120 च्या खाली आली नाही, तर औषध. इथे इन्सुलिनचे नाव निघाले की घर हादरते. ‘एकदा लागलं की सुटत नाही’ हे खोटे आहे; बहुतेक जणींचे ते बाळंतपणानंतर थांबते. ‘त्यात डुकराचा अंश असतो’ ही शंका पूर्वीच्या काळातली. आज सर्रास मिळणारे ह्युमन इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टच्या मदतीने बनते.

आणि रमजान. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआनातच आहे आणि गर्भवतीला हदीसमध्ये सवलत आहे, हे मदरशातल्या पोरालाही माहीत असते. तरीही इन्सुलिन घेणारी गर्भवती सून लोक काय म्हणतील या भीतीने रोजा धरते आणि घरातले कुणी तिला अडवत नाही. सवलत अल्लाहने दिली, ती काढून घेणारे आपण कोण? आपल्या इमामांनी रमजानच्या आधीच्या जुम्म्याला बयानात हे एकदा खणखणीत सांगावे. दहा पोस्टरांपेक्षा त्याचा परिणाम जास्त होईल.

सर्वांत मोठी चूक होते ती बाळंतपणानंतर. साखर खाली येते, पेढे वाटले जातात, हरीरा आणि डिंकाचे लाडू सुरू होतात, फाईल कपाटात जाते. ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या किमान सात पट असतो, असे 2009 साली ‘लॅन्सेट’मधील विश्लेषणाने दाखवले. म्हणूनच सहा आठवड्यांनी आईची पुन्हा ग्लुकोज तपासणी करायला सांगितले आहे. गंमत पाहा, नेमक्या सहाव्या आठवड्यात बाळाची लस असते. आई त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर बसलेली असते. बाळाला सुई टोचली जाते आणि आईला कुणी विचारत नाही. तिला त्या दिवशी सकाळी उपाशी यायला सांगणे, एवढेच तर करायचे आहे!

आपल्या मागण्या लांबलचक नाहीत. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी प्रत्येक सरकारी केंद्रात ग्लुकोजची पाकिटे, चालू ग्लुकोमीटर आणि दोन तास बसायला बाक व पंखा हवा. माता व बाल संरक्षण कार्डावर दोन्ही तपासण्यांचे आकडे आणि तारखा लिहिलेल्या हव्यात. सहाव्या आठवड्याला बाळाच्या लसीसोबत आईची तपासणी हवी. मालेगाव असो, भिवंडी असो वा मुंब्रा, आपल्या तंजीमांनी आणि मोहल्ला कमिट्यांनी केंद्रात जाऊन एकच प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात किती गर्भवती आल्या आणि त्यांतल्या कितीजणींना ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासले? उत्तर लेखी मागावे. मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा.

आणि पुरुषांनो, एक काम तुमचे. त्या दिवशी यंत्रमागावरून, दुकानातून किंवा रिक्षावरून अर्धा दिवस सुट्टी घ्या. मोठ्या पोराला शाळेतून तुम्ही आणा, दुपारची भाजी तुम्ही टाका. तिला तिचे दोन तास द्या.