शब्दविचार : 'गिव्ह अप'

आमच्या सरदारपुरच्या मराठी घरांतील मुले धार-इंदूरला शिकावयास जातात आणि त्यांचे निरोप घरी येतात ते अर्धे इंग्रजीत. 'आय हॅव्ह गिव्हन अप' एवढेच वाक्य आले, तर आईबापांनी काय समजावे? तंबाखू सोडली, शिक्षण सोडले, की धीरच सोडला?

'गिव्ह' म्हणजे देणे व 'अप' म्हणजे वर, हे पहिल्या इयत्तेचे ज्ञान येथे उपयोगी पडत नाही. दोन्ही शब्द एकत्र आले की अर्थ होतो 'सोडणे'. आपल्या मराठी 'सोडणे'प्रमाणेच त्याचे बरेवाईट कर्मावरून ठरते. तंबाखू सोडली तर आनंद, आशा सोडली तर दुःख. 1948 साली धार व देवास येथील पवार राजघराण्यांनी सत्ता सोडली आणि ती संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, तेथेही इंग्रजीत हेच क्रियापद चालते.

कर्मच नसेल, तर अर्थ बहुधा 'हात टेकले' असा होतो. म्हणून असा त्रोटक निरोप आल्यास 'काय सोडलेस, बाळ?' हे आधी विचारावे. उत्तर 'धीर' असे आले, तर उपदेश लिहीत न बसता पहिल्या मोटारीने मुलाकडे जावे.

स्वतःलाच 'गिव्ह अप' करणे म्हणजे शरण येणे. 1972 च्या एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे चंबळच्या दरोडेखोरांनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेविली, ते या अर्थाचे उत्तम उदाहरण होय.

'गिव्ह अप द घोस्ट' या प्रयोगात मात्र भूत शोधू नये. जुन्या इंग्रजीत 'घोस्ट' म्हणजे आत्मा. 'होली घोस्ट' म्हणजे पवित्र आत्मा, तसेच हे. 1582 साली रीम्स येथे छापलेल्या कॅथलिक नव्या करारात प्रभूच्या मरणप्रसंगी हाच प्रयोग आहे. आपण म्हणतो, प्राण सोडला.

विद्यार्थ्यांनी दोन नियम ध्यानात ठेवावेत. सर्वनाम मध्ये येते : 'गिव्ह इट अप' शुद्ध, 'गिव्ह अप इट' अशुद्ध. पुढे क्रियापद आल्यास त्याला 'इंग' लागते : 'गिव्ह अप स्मोकिंग' म्हणावे, 'गिव्ह अप टु स्मोक' म्हणू नये.

आता शेवटचा व सर्वांत जड प्रयोग. 'अप'पुढे 'ऑन' जोडून माणसाचे नाव घेतले, की अर्थ होतो त्या माणसाची आशा सोडणे, त्याचा नाद सोडणे. उपवासकाळात आपण विचारतो, यंदा काय सोडावे? दारू सोडावी, विडी सोडावी, शेजाऱ्याशी धरलेला अबोला सोडावा. ही सारी 'गिव्ह अप'ची कामे आहेत. परंतु घरातील मुलगा नापास झाला अथवा व्यसनात पडला, तर त्याच्या नावामागे 'गिव्ह अप ऑन' कोणत्याही आईबापांनी लावू नये. व्यसन सोडावयाचे असते, मुलगा नव्हे.