शिकविणाऱ्यांचें शिक्षण

उत्तम शिक्षक कोणता, हा वाद फार जुना आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकांत गणदास व हरदत्त हे दोन नाट्याचार्य आपणांत श्रेष्ठ कोण, यावरून भांडतात. मत देण्याची वेळ पंडिता कौशिकीवर येते. तिच्या मतें कोणाला विद्या स्वतःपुरती साधलेली असते, कोणाला ती दुसऱ्यास देण्याची हातोटी असते; हीं दोन्ही ज्याच्या ठायीं असतील त्याला पहिला मान. म्हणून परीक्षा आचार्यांच्या वक्तृत्वाची न ठरतां शिष्येच्या प्रयोगाची ठरते.

हा प्रसंग आज आठवण्यास कारण आहे. कचेऱ्या, कारखाने, पेढ्या व सरकारी खातीं यांतील माणसांस काम शिकविणें हा अलीकडे स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. घरोघरचे मुलगे, मुली, सुना कधीं शिकण्यासाठीं, तर कधीं शिकविण्यासाठीं ‘ट्रेनिंग’ला जात असतात. प्रशिक्षकांच्या हातीं मोबाइल, चित्रफिती, संगणकावरील पाठ अशीं नवीं साधनें आलीं आहेत. नवें तेवढें वाईट म्हणणाऱ्यांत वाचकांनीं आमची गणना करूं नये. आमचा प्रश्न एवढाच, कीं या साधनांनीं शिकणाऱ्याच्या हातांत काय उतरतें?

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून वेगळा झाला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें येथें शेंकडा ६९ लोक आदिवासी आहेत. एका बाजूस तापीचें सपाट खोरें, उत्तरेस सातपुडा व त्यापलीकडे नर्मदा. अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत गांव म्हणजे डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे. तेथील मुलांचें पोषण ही जिल्ह्याची जुनी चिंता आहे, आणि तिचा पहिला भार अंगणवाडी सेविकेवर पडतो.

हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर, खांदा व कोपर यांच्या मधोमध, पट्टीनें मोजावयाचा असतो. तो ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित समजून त्याला उपचारांकडे न्यावयाचें. आतां पट्टी किंचित सैल धरली कीं ११.४ चे ११.६ होतात, आणि तेंच मूल तांबड्या रंगांतून पिवळ्यांत जातें. तसेंच दोन वर्षांखालील मुलाची लांबी निजवून मोजावयाची, उभें करून नव्हे. उभें केल्यास ती सुमारें ०.७ सेंटिमीटरानें कमी भरते. उंची कमी दिसली म्हणजे त्या मानानें वजन पुरेसें वाटूं लागतें, आणि रोडावलेलें मूल कागदावर ठीक ठरतें. बोटभर चुकीनें एखाद्या घरचें मूल हातचें जाऊं शकतें, इतकी ही गोष्ट नाजूक आहे.

एकात्मिक बालविकास योजना १९७५ सालीं सुरू झाली. २०१८ च्या पोषण अभियानांत सेविकांसाठीं २१ पाठांची मालिका आली. एकदम सर्व न सांगतां मासिक बैठकींतून थोडें थोडें शिकवावें, ही तींतील कल्पना आम्हांस फार शहाणपणाची वाटते. २०२१ मध्यें नोंदींसाठीं ‘पोषण ट्रॅकर’ हें मोबाइलवरील साधन आलें. त्याच वर्षीं महाराष्ट्रांतील पुष्कळ सेविकांनीं सरकारी मोबाइल परत केले. यंत्रें नीट चालत नाहींत व साधनाची भाषा इंग्रजी आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. साधन कितीहि नवें असो, तें वापरणारीस कळेल अशा भाषेंत नसेल तर ओझेंच होतें.

भाषेची अडचण येथें दुहेरी आहे. पाड्यावरची आई पावरी किंवा भिलोरी बोलते, नवापुराकडील मावची. शिबिरांतील व्याख्यान मात्र पुस्तकी मराठींत चालतें. शिवाय ज्ञान राज्याकडून जिल्ह्यास, जिल्ह्याकडून प्रकल्पास, प्रकल्पाकडून बीटास असें पायरीपायरीनें उतरतें. प्रत्येक पायरीवर थोडें सांडत सांडत शेवटच्या सेविकेच्या ओंजळींत किती पडावें?

यावर उपाय नवा शोधावयास नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत कारखान्यांतील मुकादमांना शिकविण्याची रीत शिकविली गेली. तिच्या पायऱ्या चार: शिकणाऱ्याचें मन तयार करणें, काम करून दाखविणें, त्याच्याकडून करवून घेणें, आणि मागाहून कामाच्या जागीं जाऊन पाहणें. पुढें १९५९ सालीं कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानें प्रशिक्षणाची पारख चार अंगांनीं करावी असें मांडलें: शिकणाऱ्यांस तें आवडलें काय, ते शिकले काय, कामांत फरक पडला काय, आणि शेवटीं फळ काय मिळालें. आपल्याकडील बहुतेक शिबिरें पहिल्या प्रश्नापाशींच थांबतात. अभिप्रायाचा कागद भरला, चहा झाला, गाडी परत निघाली.

आपल्या घरांत तरी याहून वेगळें काय असतें? नव्या सुनेला पुरणपोळी शिकवितांना सासूबाई व्याख्यान देत नाहींत. तव्याजवळ उभ्या राहून पोळी कां फुटली हें त्या दाखवितात, आणि पुढल्या सणाला पुन्हां पाहतात. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, तेव्हां मुलें बालवाडींत येईनात म्हणून त्या बालवाडीच मुलांच्या अंगणांत घेऊन गेल्या. प्रशिक्षकानेंहि असेंच अंगणांत गेलें पाहिजे.

म्हणून आमचें सुचविणें साधें आहे. बीटाच्या मुख्यसेविकेस चित्रफीत अवश्य द्यावी, पण ती पावरींत व भिलोरींत असावी आणि जेथें मोबाइलची लहर पोंचत नाहीं तेथेंहि चालावी. शिबिरांत व्याख्यान निम्मे करून प्रत्येकीच्या हातीं पट्टी द्यावी. एकाच मुलाचा दंड दोघींनीं वेगवेगळा मोजावा आणि आंकडे जुळतात कीं नाहीं तें पहावें. महिन्याभरांत मुख्यसेविकेनें पाड्यावर जाऊन तेंच पुन्हां पहावें, आणि त्यासाठीं लागणारा वेळ व वाहन वरिष्ठांनीं तिला द्यावें. नुसत्या सूचनेनें डोंगर चढवत नाहींत.

वाचकांच्या घरीं कोणी अशा कामावर असेल, तर तो किंवा ती परगांवाहून परतल्यावर ‘शिबिर कसें झालें?’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘त्या बायांना आतां काय करतां येऊं लागलें?’ हेंहि विचारावें. उत्तर लगेच मिळालें नाहीं तरी चालेल. पुढल्या खेपेस तें शोधण्याकरितां पाड्यापर्यंत जाणें होईल.