आधी पत्र, मग मैदान

आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम उतरणीला लागला की आमच्या टपालात एकाच विषयाची पत्रे वाढतात. यंदाही तेच झाले आहे. जुलैमध्ये महाविद्यालयाने फुटबॉलच्या प्रशिक्षकाला बोलावून घेतले. त्याने निवड चाचणी घेतली, पावसात सराव घेतला, झोनल जिंकून संघ इंटरझोनलपर्यंत नेला. नंतर मानधनाचे विचारायला गेला, तेव्हा कार्यालयाने सांगितले की नेमणुकीचे पत्र नाही, म्हणून बिल मंजूर होत नाही. पत्र मागितले, तर पद मंजूर नाही, म्हणून पत्र देता येत नाही. काम करून घेताना पदाची आठवण कुणालाही झाली नव्हती. ती फक्त पैसे देताना होते.

पुढचे आपण सारे जाणतो. प्राचार्यांची मनधरणी करून जिमखाना निधीतून एखादे व्हाउचर निघते, तेही लेखापरीक्षणात हरकत येईल या भीतीने अर्ध्या रकमेचे. अनुभवाचा दाखला मिळत नाही, कारण पत्रच नाही. एनआयएसची पदविका किंवा डी लायसन्स खिशात असलेला माणूस सलग हंगाम राबतो आणि मुलाखतीला गेल्यावर त्याचा अनुभव शून्य धरला जातो. पुढच्या जुलैत त्याच्या जागी दुसरा येतो. खेळाडू तेच राहतात आणि पद्धत बदलते. आधीच्याने विंगरला पुढे चढून प्रेस करायला शिकवलेले असते, नवा त्याला बचावाच्या ओळीत परत बोलावतो. पदवीच्या तीन वर्षांत तीन प्रशिक्षक पाहिलेला मुलगा विद्यापीठाच्या कॅम्पला येतो, तेव्हा त्याचा पाया कुणी घातला हे कुणालाच सांगता येत नाही. आणि विद्यापीठ संघाचे प्रशिक्षकपदही अनेक ठिकाणी पाळीपाळीनेच वाटले जाते.

याच सुमारास काही वाचकांनी अमेरिकेतल्या बातम्यांकडे आमचे लक्ष वेधले. तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, काढून टाकलेल्या प्रशिक्षकाला कोट्यवधी डॉलर कसे मिळतात, असा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर करारात आहे, म्हणून ते नीट पाहू.

लुइझियाना स्टेट विद्यापीठाने २०२१ च्या अखेरीस ब्रायन केली यांच्याशी १० वर्षांचा, सुमारे ९.५ कोटी डॉलरचा करार केला. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांना काढले. तेव्हा सुमारे ५.४ कोटी डॉलर देणे बाकी होते. विद्यापीठाने कमी रकमेवर तडजोड करू पाहिली, ती फिसकटली. मग केली न्यायालयात गेले. त्यांच्या दाव्यानुसार विद्यापीठाने असा पवित्रा घेतला होता की त्यांना रीतसर काढलेलेच नाही आणि ज्या क्रीडा संचालकांनी निरोप दिला, त्यांना तो अधिकारच नव्हता. नोव्हेंबर संपता संपता विद्यापीठाला लेखी कबूल करावे लागले की त्यांना विनाकारण काढले असून पूर्ण रक्कम देय आहे. टाळाटाळ करणारे कार्यालय तिथेही आहे. फरक एवढाच की केलींच्या हातात कागद होता.

कागदातले एक कलमही किती जड असते ते पाहा. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर यांना काढले. नवी नोकरी मिळाली तर तिचा पगार देण्यातून वजा होईल, असे कलम त्यांच्या करारात नव्हते, त्यामुळे ७.५ कोटी डॉलरहून मोठे देणे विद्यापीठाच्या माथी बसले. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढले, तेव्हा देणे ४.९ कोटींच्या आसपास होते. तिथे नवे काम शोधण्याचे आणि वजावटीचे कलम होते. फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला रुजू झाले आणि प्रकरण ९० लाख डॉलरवर मिटले.

या आकड्यांनी दिपून जाण्याचे कारण नाही. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याचे बहुतेक साहाय्यकही जातात, कारण नवा माणूस आपली माणसे आणतो. त्यांचे करार लहान असतात, घरे दर दोन-तीन वर्षांनी हलतात. ती अस्थिरता आपल्याला नको आहे. पण त्या लहान करारावरही मुदत, रक्कम आणि काढण्याच्या अटी लिहिलेल्या असतात.

आता आपल्यापैकीच काहींना चार शब्द. महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण संचालक हे बहुतेक आमचे वाचक आहेत. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे अडकून पडण्याचे दुःख त्यांना ठाऊक आहे. तरीही प्रशिक्षकाला ‘या हो, बघू नंतर’ असे सांगून मैदानावर उतरवणारे तेच आहेत. वरच्याने आपल्याशी केलेला अन्याय आपण खालच्याशी करणे बंद केले पाहिजे. आणि इंटरझोनलच्या तोंडावर क्लबची हाक आली म्हणून संघ वाऱ्यावर सोडणाऱ्या प्रशिक्षकांनीही ऐकावे. लेन किफिन यांनी ३० नोव्हेंबर २०२५ रोजी ११ सामने जिंकलेला मिसिसिपी विद्यापीठाचा संघ प्लेऑफआधी सोडला, तेव्हा विद्यापीठाने त्यांना पुढचे सामने खेळवू दिले नाहीत आणि बचावाची जबाबदारी सांभाळणारे पीट गोल्डिंग यांना मुख्य प्रशिक्षक केले. पत्र दोन्ही बाजूंना बांधते. ते मागणाऱ्याने ते पाळायचीही तयारी ठेवावी.

विद्यापीठांच्या क्रीडा मंडळांकडे आमची मागणी साधी आहे. हंगामी प्रशिक्षकासाठी एक पानाचा नमुना छापा आणि प्रत्येक संलग्न महाविद्यालयाला पाठवा. त्यात पाच गोष्टी असाव्यात : नेमणारा अधिकारी कोण, मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मानधन किती आणि कोणत्या तारखेला, दोन्ही बाजूंनी पूर्वसूचना किती दिवसांची, आणि प्रवासात किंवा मैदानावर दुखापत झाली तर खर्च कुणाचा. हंगामी कामाला कायम पद लागत नाही, मंजूर तरतूद लागते, आणि ती जूनमध्येच अंदाजपत्रकात दाखवता येते. ‘पद नाही’ ही सबब कुलसचिव कार्यालयांनी आता पुन्हा पुढे करू नये. चांगला प्रशिक्षक सलग तीन हंगाम टिकावा, ही मागणी यानंतरची आहे आणि तीही आम्ही सोडणार नाही.

मित्रहो, मंडळ नमुना छापेपर्यंत थांबू नका. या पाच गोष्टी साध्या कागदावर लिहा, प्राचार्यांची सही आणि शिक्का घ्या, एक प्रत आपल्याजवळ ठेवा. सही मिळाली नाही, तर निवड चाचणी घेऊ नका. एकट्याने नकार दिला तर दुसऱ्याला बोलावतील हे खरे, म्हणून जिल्ह्यातल्या सर्व प्रशिक्षकांनी जूनच्या आधी एकत्र बसून हे ठरवा. ज्यांना यंदा पत्र मिळाले त्यांनी त्याची प्रत, आणि ज्यांचे मानधन अडकले त्यांनी तारखांसह तपशील आमच्याकडे पाठवावा. महाविद्यालयांची नावे न छापता हा सारा पुरावा एकत्र करून आम्ही प्रत्येक विद्यापीठाच्या क्रीडा मंडळापुढे ठेवू. त्यासाठी तुमचे कागद हवेत, आणि ते याच महिन्यात हवेत.