शनिवारी दुपारी तीन ते रात्री दहा

११ ऑगस्ट २०१८. महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे बाहेर पडत होते. साधारण १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये परदेशात गेले आणि सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी रुपये भारतातच काढले गेले. त्यासाठी कोल्हापूरसारख्या शहरांतल्या एटीएमपुढेही माणसे उभी होती. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेल्या बँकेची ही रक्कम दोन कामकाजाच्या दिवसांतसुद्धा नव्हे, एक सुट्टी आणि एका सोमवारात गेली.

या प्रकरणाकडे अजूनही ‘कार्डांची नक्कल’ म्हणून पाहिले जाते. नकली कार्डे होतीच, पण ती या नाटकातली दुय्यम पात्रे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र थेट आपल्या खात्याशी बोलत नाही. विचारणा व्हिसा किंवा रूपेच्या जाळ्यातून बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या संगणकाकडे येते. स्विच बँकेच्या मुख्य खातेप्रणालीला विचारतो, ‘शिल्लक आहे का?’ होकार आला की नोटा बाहेर. कॉसमॉसमध्ये मालवेअरने या स्विचच्या जागी एक तोतया स्विच उभा केला. तो आत कोणाला विचारतच नव्हता. येईल त्या विचारणेला ‘द्या पैसे’ एवढेच उत्तर. म्हणूनच कोणाच्याही खात्यातून रुपया वजा झाला नाही. ग्राहकांचे पैसे सुरक्षित आहेत असे बँकेने तेव्हा सांगितले ते खरेच होते. गेले ते बँकेचे स्वतःचे पैसे.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पुण्यातल्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले, पण ही प्रामुख्याने एटीएमपुढे उभी राहणारी मंडळी. तोतया स्विच लिहिणारे हात कधी येरवड्यापर्यंत पोहोचतील असे वाटत नाही.

आता विज्ञानाचा प्रश्न. बँकेच्या जाळ्यात असा पाहुणा शिरला तर तो ओळखायचा कसा?

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे ठशांची. पकडलेल्या प्रत्येक मालवेअरमधला एखादा खास तुकडा नोंदवून ठेवायचा आणि येणारी प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहायची. पुण्याला ही पद्धत परकी नाही. कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीपासून सुरुवात करणाऱ्या कैलास आणि संजय काटकर या भावांनी १९९० च्या दशकात इथेच क्विक हील उभी केली, ती याच ठशांच्या जोरावर. तेव्हा व्हायरस मोजके होते आणि फ्लॉपीच्या वेगाने पसरत. आज एव्ही-टेस्ट ही जर्मन संस्था दिवसाला साडेचार लाखांहून अधिक नवे घातक किंवा नको असलेले प्रोग्राम नोंदवते. त्यातले बहुसंख्य नवे नसतातच. तोच चोर, फक्त सदरा बदललेला. पण ठसा सदऱ्याचा घेतलेला असेल तर ओळख पटत नाही.

पुणेकरांना हे पाषाणच्या उदाहरणाने चटकन समजेल. तिथली राष्ट्रीय विषाणू संस्था ज्या जागतिक जाळ्याचा भाग आहे, ते जाळे वर्षभर फ्लूचे नमुने तपासत असते. फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटना पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते प्रकार घ्यायचे ते ठरवते. गेल्या वर्षीची लस यंदा चालेलच असे नाही, कारण विषाणूचे बाह्यरूप बदलते. इथवर साम्य चपखल आहे. पुढे मात्र ते तुटते आणि ते तुटणेच जास्त महत्त्वाचे. फ्लूच्या विषाणूला लशीत काय आहे हे माहीत नसते. मालवेअर लिहिणाऱ्याला असते. तो बाजारातली सुरक्षा-सॉफ्टवेअरे विकत घेतो, आपला प्रोग्राम त्यांच्यापुढे चालवून पाहतो आणि कोणीही ओळखेनासे झाले की मगच बाहेर सोडतो.

एटीएम स्विचवरच्या या हल्ल्याचेच पाहा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ नावाने त्याची पद्धत जाहीर केली. त्यात आशिया आणि आफ्रिकेतल्या बँकांचे जे स्विच तपासले गेले, ते सगळे आयबीएमच्या एआयएक्स या प्रणालीच्या मुदत संपलेल्या आवृत्त्यांवर चालत होते. त्या जुनेपणामुळेच चोर आत शिरले असा पुरावा मिळाला नाही, हेही त्याच इशाऱ्यात नमूद आहे. बँकांनी त्या ठशांची नोंद घेतली. २०२० मध्ये त्याच टोळीची विंडोजवर चालणारी आवृत्ती समोर आली. २०२४ मध्ये लिनक्सवरची. काम तेच, नकार आलेल्या व्यवहाराचा होकार करून टाकणे. फक्त २०१८ चा ठसा घेऊन बसलेल्या पहारेकऱ्याला यातले शेवटचे दोन दिसलेच नसते.

मग ठशांऐवजी वागणूक पाहावी, हा पुढचा विचार. जाळ्यातली नेहमीची ये-जा संगणकाला शिकवायची आणि नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले की घंटा वाजवायची. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने आज जे विकले जाते त्यातले बरेचसे हेच. कल्पना चांगली आहे, पण तिच्या दोन दुखण्यांबद्दल विक्रेते फार बोलत नाहीत.

पहिले दुखणे साध्या अंकगणिताचे. समजा, एका बँकेच्या जाळ्यात दिवसाला दहा लाख घटना नोंदल्या जातात आणि त्यातल्या दहा खरोखर घातक आहेत. यंत्रणा ९९ टक्के अचूक आहे, म्हणजे शंभरात एकदाच चुकते. तर त्या दहापैकी जवळपास सगळ्या ती पकडेल. पण उरलेल्या निरुपद्रवी घटनांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे दहा हजारांवरही ती घंटा वाजवेल. दहा हजार दहा घंटांतल्या दहा खऱ्या कोणी शोधायच्या? रात्रपाळीचा मुलगा तिसऱ्या दिवशी घंटा बंद करून ठेवतो आणि त्याला दोष देणेही कठीण जाते. आपल्या सोसायटीतल्या गाड्यांचे अलार्म आपण किती मनावर घेतो?

दुसरे दुखणे म्हणजे ‘नेहमीचे’ काय हेच बदलत राहते. २०१६ च्या नोटाबंदीनंतर, मग यूपीआय पसरल्यावर आणि करोनाकाळात घरून काम सुरू झाल्यावर प्रत्येक वेळी बँकांची ये-जा बदलली. जुन्या सवयींवर शिकलेली यंत्रणा अशा वेळी एक तर सारखी ओरडते, नाही तर नव्या गोंधळालाच नेहमीचे समजू लागते. संशोधनातही हा शिळेपणा मुरलेला आहे. जाळ्यातला हल्ला ओळखणारी प्रणाली तपासण्यासाठी १९९९ च्या एका स्पर्धेतली माहिती, केडीडी कप, वर्षानुवर्षे वापरली गेली. त्या माहितीत १९९८ मध्ये प्रयोगासाठी मुद्दाम घडवलेली ये-जा आहे. अभियांत्रिकीचे कितीतरी प्रकल्प अजूनही तिच्यावर ‘९९ टक्के अचूकता’ दाखवून गुण मिळवतात. ती अचूकता १९९८ च्या चोरांविरुद्धची असते.

शिवाय अद्ययावत ठेवण्यातही धोका असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या पहारेकरी-सॉफ्टवेअरला नव्या हल्ल्यांची ओळख करून देणारी एक छोटी फाइल पाठवली. सॉफ्टवेअरला वीस नोंदी अपेक्षित होत्या, व्याख्या एकवीस नोंदींची होती. ७८ मिनिटांत कंपनीने ती मागे घेतली, पण तोवर जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले होते. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास त्या दिवशी दिसले. म्हणून अद्यतने थांबवावीत असे नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायने जग हादरले तेव्हा त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिला होता. मरणारे यंत्र बहुधा न लावलेल्या अद्यतनाने मरते. पण नवे अद्यतन आधी दहा संगणकांवर, मग शंभरावर आणि नंतर सगळीकडे, इतका संयम हवा.

माझ्या मते कॉसमॉसच्या प्रकरणातला खरा धडा मालवेअरच्या ठशात नाही, हिशेबाच्या वहीत आहे. स्विचने दिलेले होकार आणि मुख्य प्रणालीत खात्यांतून वजा झालेल्या रकमा या दोन आकड्यांचा मेळ दर काही मिनिटांनी तिसऱ्याच संगणकावर घातला, तर तोतया स्विच एआयएक्सवर आहे की लिनक्सवर, कोरियन आहे की आणखी कोणाचा, याला महत्त्वच उरत नाही. मेळ बसत नाही, व्यवहार थांबवा. असा नियम शिळा होत नाही, कारण तो चोराच्या रूपावर नव्हे, धंद्याच्या स्वरूपावर बेतलेला असतो. पुण्यातल्या एका सहकारी बँकेचे ग्राहक सुट्टीच्या दिवशी सात तासांत २८ देशांतून बारा हजार वेळा रोकड काढत नाहीत, हे कळायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. मेळ मात्र तिसऱ्याच ठिकाणी घातला पाहिजे. २०२० पासून नवी कार्डे सुरुवातीला फक्त देशातच चालतील असा नियम रिझर्व्ह बँकेने केला. उपयुक्तच आहे. पण ती तपासणी ज्या संगणकात होते तोच फितूर झाला असेल, तर तिचा काय उपयोग?

कॉसमॉसनंतर नियम कडक झाले. ३१ डिसेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांची त्यांच्या डिजिटल पसाऱ्यानुसार चार स्तरांत विभागणी केली. सर्वांत वरच्या स्तराला अखंड पहारा देणारे केंद्र सक्तीचे झाले. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इनने हल्ला कळल्यापासून सहा तासांत खबर देण्याचे आणि १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवण्याचे बंधन घातले. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी लहान बँकांकडे स्वतःचा संगणक विभाग म्हणजे दोन-तीन माणसे असतात आणि बाकी सगळे बाहेरच्या कंपनीकडे. २०२४ च्या जुलैअखेरीस सी-एज या अशाच एका सेवा कंपनीवर खंडणीखोर मालवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँका एका दिवसासाठी देयकांच्या जाळ्यापासून तोडाव्या लागल्या. तो तोडण्याचा निर्णय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने वेळेवर घेतला, म्हणून आग पसरली नाही. २०१८ मध्ये शनिवारच्या प्रकारानंतर सोमवारी स्विफ्टचा दरवाजा उघडाच राहिला होता, त्याच्या शेजारी ठेवून हे पाहावे.

सहकारी बँकेचे आपण नुसते ग्राहक नसतो, अनेकदा सभासदही असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल घरी येतो, लाभांशाचा आकडा पाहून तो रद्दीत जातो. यंदा सभेला गेलात तर अध्यक्षांना एवढेच विचारा: स्विचचे होकार आणि खात्यांतली वजावट यांचा मेळ कोण घालते, किती वेळाने घालते, आणि दुसऱ्या शनिवारी रात्री नऊ वाजता तो बसला नाही तर व्यवहार थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे?